दारूबंदीच्या जिल्ह्यातला गव्हाचा माल्ट

बीअर कशी बनते हे मला बीअरचा पहिला घोट घेण्याच्या तीन वर्षं आधीपासून माहीत होतं. यात फुशारकी नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आमचं घर बोरगाव मेघेत, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, आणि मी अशी की लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा भात मागायलासुद्धा मला धीर गोळा करावा लागतो. बीअर ही गोष्ट माझ्याकडे पुस्तकातून आली.

मायक्रोबायॉलॉजीत बी. एस्सी. झाल्यावर मला नालवाडीच्या पुढे एका माल्टच्या कारखान्यात प्रयोगशाळेचं काम मिळालं. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, दोन तराजू आणि पुस्तकांचं कपाट. कारखाना एका व्यापारी कुटुंबाचा. मालकांना सगळे शेठजी म्हणत. आमचा माल बाळांच्या पावडरीत आणि दुधात घालायच्या पेयात जायचा. आई शेजारणींना सांगायची, "बाळांच्या पावडरीच्या कंपनीत आहे," आणि ते खरंच होतं. पण कपाटातली माल्टवरची झाडून सगळी पुस्तकं बीअर बनवणाऱ्यांनी लिहिलेली होती. जेवणाच्या सुट्टीत मी ती वाचायची. दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून सुरुवात केली, आणि पुढे दुसरं काही वाचावंसं वाटेना.

माल्ट म्हणजे काय, हे आधी सांगते. घरी मटकीला मोड आणतो तसेच धान्याला आणायचे आणि मग ते वाळवायचं. एवढंच. पण खुबी मधल्या वेळेत आहे. दाणा म्हणजे कुलूपबंद कोठार. पाणी लागलं की त्याला वाटतं पेरणी झाली, आणि तो आतून एकेक कुलूप उघडायला लागतो. आतला कडक पिठूळ साठा मऊ, विरघळण्याजोगा होतो. तो साठा अंकुरानं खाऊन संपवायच्या आत, पण कुलपं सगळी उघडल्यानंतर, नेमकं दाण्याला थांबवायचं. लवकर थांबवला तर माल्ट दगडासारखा. उशीर झाला तर आत काही उरत नाही. हा नेमका दिवस ओळखणं म्हणजे आमचा धंदा.

आमच्याकडे हे काम जुन्या पद्धतीनं, फरशीवर चाले. थंडीचे चार महिनेच, कारण वर्ध्याच्या उन्हाळ्यात फरशीवर धान्य पसरलं तर मोड येण्याआधी शिजेल. जव दोन दिवस हौदात भिजवायचे, मध्ये मध्ये पाणी काढून त्यांना श्वास घेऊ द्यायचा. मग फरशीवर वीतभर जाडीचा थर. दाणे जिवंत असल्यामुळे थर आतून तापतो, मुळं एकमेकांत गुंततात. म्हणून दर काही तासांनी लाकडी फावड्यानं थर उलटायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी गरम हवेच्या खोलीत वाळवण.

हे सगळं मला शिकवलं सुखदेवकाकांनी. ते फरशीचे मुकादम. घर नालवाडीत, घरची भाजीची शेती, सकाळी मेथी-कोबी बाजारात पाठवून मग कामावर येत. पहिल्याच आठवड्यात मी थर्मामीटर घेऊन थराजवळ उभी होते. ते चप्पल काढून थरावर चालत गेले, परत आले आणि म्हणाले, मधात ताप आहे. मी थर्मामीटर खुपसला. मधे दोन अंश जास्त होतं. आणखी एकदा त्यांनी ओंजळभर दाणे माझ्या नाकाशी धरले आणि कशाचा वास येतो ते विचारलं. मला ओल्या मातीचा वाटला. ते हसले, म्हणाले, काकडीचा. पुन्हा हुंगलं तर खरोखर, नुकत्याच कापलेल्या काकडीचा वास. काकडीचा वास म्हणजे दाणा खुशीत. पिकल्या फळाचा वास आला की समजावं, थर गुदमरला. हीच खूण मी पुढे एका विलायती पुस्तकात वाचली तेव्हा मला फार आनंद झाला. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्याले बी कोनी काकडीवाल्यानंच सांगतलं असन."

थांबवायचा दिवस ठरवायची त्यांची रीत वेगळीच होती. दाणा सोलायचा आणि आतला गर अंगठ्यानं भिंतीवर ओढायचा. खडूसारखी पांढरी रेघ उमटली की झालं. रेघ चिकट किंवा खरखरीत आली तर अजून वेळ आहे. फरशीखोलीच्या एका भिंतीवर त्यांच्या शेकडो रेघा होत्या. माझ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला अर्धा दिवस लागे आणि उत्तर तेच येई.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक वैद्य दर महिन्याला पाच किलो नेत आणि प्रत्येक वेळी मला बजावत की माल्ट ही आयुर्वेदाचीच देणगी आहे. नागपूरचा एक बेकरीवाला पोतं उघडून मूठभर तोंडात टाके, डोळे मिटून चावत राही आणि काही न बोलता पैसे देऊन जाई. मला तो फार आवडे. माल्ट चावूनच कळतो. चांगला असेल तर पापडासारखा तुटतो, आधी पीठ, मग भाजलेपणा आणि शेवटी गोडवा.

मग ज्या मोठ्या पावडर कंपनीला आमचा अर्ध्याहून अधिक माल जाई, तिनं स्वतःचा कारखाना काढला. शेठजी फरशीवर आले. पुढचा हिवाळा अर्धीच फरशी चालेल असं म्हणाले. अर्धी फरशी म्हणजे फावडं मारणाऱ्या नऊ बायांपैकी चारच राहणार.

त्याच हिवाळ्यात पुण्याहून समीरचा फोन आला. तिशीचा माणूस. जर्मनीत बीअर बनवायला शिकून आला होता आणि पुण्यात स्वतःच्या उपाहारगृहात, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर, तांब्याच्या भांड्यात बीअर बनवू पाहत होता. आपल्याकडे तेव्हा हे नवीनच होतं. त्याला गव्हाचा माल्ट हवा होता आणि परदेशातून मागवणं परवडत नव्हतं. आम्ही गव्हाचा माल्ट कधी केला नव्हता. पण कपाटातल्या पुस्तकांत गव्हावर एक आख्खं प्रकरण होतं आणि ते मला जवळजवळ पाठ होतं. शेठजींना मी, कुणी न विचारता, म्हणाले की जमेल. असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं असावं.

गहू जवापेक्षा अवघड. त्याला साल नाही, म्हणून पाणी भराभर पितो, लवकर तापतो, आणि त्याचा अंकुर उघडा बाहेर येतो, फावडं जोरात लागलं की मोडतो. आष्टीकडच्या एका शेतकऱ्याचा गहू मी निवडला. त्यात प्रथिनं जास्त होती. बीअरचा फेस टिकतो तो प्रथिनांमुळे. काकांनी गव्हाला दोन दिवसांत ओळखून घेतलं. जवाचं फावडं बाजूला ठेवून त्यांनी हलकं, पातळ पात्याचं नवं फावडं सुताराकडून करवून घेतलं आणि थर निम्म्या जाडीचा लावला. पहिला लहान घाणा उत्तम निघाला.

तो घेऊन शेठजींनी मला पुण्याला पाठवलं, माल भांड्यात कसा वागतो ते पाहायला. तिथं मी पहिल्यांदा बीअर चाखली. समीरनं दोन लहान ग्लास पुढे ठेवले. पहिल्याला लवंगेचा वास होता, मागे थोडं पिकलं केळं. त्यात लवंगही नव्हती आणि केळंही नव्हतं. गव्हाच्या बीअरचं यीस्टच तसं असतं, ते खातं साखर आणि मागे ठेवून जातं लवंग. हे मी वाचलं होतं, पण वाचणं आणि नाकात येणं यात अंतर आहे. दुसऱ्या ग्लासाला लोण्याचा वास होता. हा दोष. यीस्टला शेवटचे दोन दिवस मिळाले नाहीत की राहतो. समीरनं विचारलं, कशी आहे? मी म्हणाले, छान आहे. निघताना एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं की दुसऱ्या पिंपातली बीअर दोन दिवस आणखी थांबवा. रात्री मी परतीच्या गाडीत असताना त्यानं फोन केला, हे तोंडानं का नाही सांगितलं म्हणून.

बीअरबद्दल माझी मतं थोडी आणि ठाम आहेत. बर्फासारखी थंड करून पितात ती बीअर लपवण्यासाठी, कारण थंडीत जीभ बधिर होते. बाटलीवर 'स्ट्राँग' लिहिणं म्हणजे भाजीच्या पाटीवर 'तिखट' लिहिण्यासारखं, त्यानं भाजी कोणती ते कळत नाही. उन्हात ठेवलेल्या बीअरला जळक्या रबरासारखा वास येतो, बाटली तपकिरी असते ती म्हणून. तिला कडवटपणा देणारं हॉप्सचं फूल भांगेच्या कुळातलं. आणि हजारो वर्षं जगभर बीअर बनवणाऱ्या मुख्यतः बायकाच होत्या, घरात, भाकरीच्या बरोबरीनं. यंत्रं आली तेव्हा ती पुरुषांकडे गेली. एवढं सगळं मला माहीत होतं, आणि वर्ध्यात हे ज्याला सांगावं असा एकही माणूस नव्हता.

एक माणूस होता. त्यानं विचारलंही होतं.

पुण्याहून आल्यावर काकांनी विचारलं होतं, त्या पोराचा काय धंदा आहे, पाव बनवतो का? मी म्हणाले, "त्यांचं यीस्टचं काम आहे, काका." यीस्ट पावातही असतं. ते समाधानानं मान हलवून गेले.

मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला सांगितलं. काका गावच्या सामुदायिक प्रार्थनेत बसणारे, नालवाडीच्या दारूबंदी समितीतले. जिल्ह्यात बंदी आहे म्हणजे दारू नाही असं नव्हे. झुडपांत मोहाची गाळतात. समितीतल्या बाया काठ्या घेऊन जात आणि मडकी फोडत, आणि त्या बायांबरोबर जाणारे दोनच पुरुष होते. एक काका. हे मला पक्कं माहीत होतं.

दुसरी मागणी मोठी आली. जवळजवळ पूर्ण फरशी भरेल एवढी. ही नीट गेली तर समीर वर्षभराचा करार करणार होता आणि नऊच्या नऊ बाया राहणार होत्या. गहू फरशीवर पडून तिसरा दिवस होता तेव्हा समीर स्वतः पाहायला आला. रेल्वेनं उतरून थेट फरशीवर. काका थर उलटत होते. समीरला माझ्याकडून त्यांच्याबद्दल इतकं ऐकून माहीत होतं की तो पुढे गेला, वाकून पाया पडला, पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक तपकिरी बाटली काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. दारूबंदी म्हणजे दुकानं बंद असतात, एवढंच त्याला वाटत होतं. बाटली घेऊन येणं हाच इथं गुन्हा आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"काका, ही तुमच्या हातच्या गव्हाची. पहिली बीअर."

काकांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहत होते. त्यातच त्यांना सगळं कळलं. त्यांनी बाटली खिडकीत ठेवली, अलगद, सांडू नये अशी. फावडं भिंतीला टेकवलं. हौदापाशी जाऊन कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, डब्याची पिशवी घेतली आणि गेले.

समीरला मी काय झालं ते सांगितलं. तो पांढरा पडला. बाटली मी प्रयोगशाळेच्या मोरीत ओतली. आमच्या गव्हाचा फेस मी तिथं पाहिला. पांढरा, घट्ट, दहा मिनिटं मोरीत तसाच उभा होता. मला अभिमान वाटला, आणि त्या क्षणी तो वाटल्याची लाज वाटली.

शेठजींचं म्हणणं सरळ होतं. माल्ट धान्य आहे, कायद्यानं आपण कुठेच चुकत नाही, कुणाला काही सांगत बसायची गरज नाही. दुसरा मुकादम मिळेल. पण मिळेल तोपर्यंत गहू थांबणार नव्हता. त्या दिवशी मी आणि बायांनी थर उलटला. आमच्या हातून अंकुर मोडले. थर एका कोपऱ्यात गुंतायला लागला.

सकाळी मी नालवाडीला त्यांच्या वावरात गेले. काका बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते.

"इकडे चिखल हाय, म्याडम," ते म्हणाले. चार हिवाळ्यांत त्यांनी मला मॅडम म्हटलं नव्हतं.

मी म्हणाले, "काका, चला. गहू चौथ्या दिवसावर आहे."

"मी इचारलं होतं तुले. पाव बनवते का तो मानूस, म्हनून इचारलं होतं."

"हो."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

शेठजींचं कायद्याचं म्हणणं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ते बोलता आलं नाही. "तुम्ही काम सोडून जाल म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी जुडी खाली ठेवली. "म्हंजे तुले मालूम होतं मी जाईन. मालूम असून माया हात लावाले लावला."

मी उभी राहिले. ते पुन्हा जुड्या बांधायला लागले, आणि बांधता बांधता म्हणाले की संध्याकाळी समितीची बैठक आहे, ते स्वतःच सगळं सांगणार आहेत. दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघण्यापेक्षा ते बरं. समितीतून नाव काढतील, काढू द्या. बाया गेटवर मोर्चा आणतील, आणू द्या.

मी म्हणाले, "मी येते. मी सांगते."

ते हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "तुले चार लोकात पानी मांगता येत नाई."

मी परत फिरले. बांधाच्या टोकाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, मुळं कितीक झाले? मी सांगितलं, दाण्याच्या दीडपट, आणि उगवतीकडच्या कोपऱ्यात गुंता झालाय. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गुंता हातानं सोडवजो. फावडं नको लावू. अन् थर अजून पातळ कर. मी काई येत नाई, पन गहू मरून नाई गेला पायजे."

आम्ही तसं केलं. सहा जणी गुडघ्यांवर बसून, बोटांनी. दुपारपर्यंत थर मोकळा झाला आणि काकडीचा वास परत आला.

संध्याकाळी समाजमंदिरात प्रार्थना झाल्यावर वीसेक बाया आणि चार-पाच पुरुष सतरंजीवर बसले होते. काका उभे राहिले आणि तीन वाक्यांत सांगून मोकळे झाले. त्यांच्या हातचा गहू पुण्यात बीअर करायला जातो, त्यांना काल कळलं, समितीनं काय ते ठरवावं. गलका झाला. समितीच्या अध्यक्ष गिरजाबाई, बाजारात भाजी विकणाऱ्या, त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "आमच्या संग मडके फोडत होते, अन् तिकडे मडके भरून राह्यले होते का?" काका मान खाली घालून बसले. आपली बाजू त्यांनी मांडलीच नाही.

मी दाराशी बसले होते, ती उठले. पदरासारखी ओढणी दोन्ही हातांत धरली होती. हे कोन, असं कुणीतरी विचारलं. बोरगावच्या हार्डवेअरवाल्याची पोरगी, असं दुसरीनं सांगितलं. म्हणजे आता जे बोलेन ते घरी पोचणार, हे तेव्हाच कळलं.

मी म्हणाले, "काकांना माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी सरळ उत्तर दिलं नाही. दोष माझा आहे."

गिरजाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हे बीअर म्हंजे दारूच हाय का नाई, ते सांग आधी."

सोपी वाट होती. कमी कडक असते, परदेशात जेवणाबरोबर घेतात, असं काहीतरी. "दारूच आहे," मी म्हणाले. "कमी कडक असते, पण जास्त पिणाऱ्याला तेवढीच वाईट." मग काय वाटलं कोण जाणे, मी असंही म्हणाले की पूर्वी ही बायकाच घरात बनवायच्या. एक म्हातारी मागून म्हणाली, "अवं, आता बी बनवते. आमी तेच तं फोडतो." सगळ्या हसल्या. हसण्यानं खोलीतला ताण जरा उतरला. गिरजाबाई मात्र हसल्या नाहीत.

"अन् तू पेते का?"

वीस बाया माझ्याकडे पाहत होत्या. काकांनीही मान वर केली. मी नाही म्हटलं असतं तर कुणीही विश्वास ठेवला असता, माझ्याकडे पाहून ठेवलाच असता.

"चाखते," मी म्हणाले. "पुण्यात. चव कळल्याशिवाय माल कळत नाही. आणि मला ती आवडते."

गिरजाबाई म्हणाल्या की सुखदेव समितीत राहील, त्यानं स्वतःहून सांगितलं आहे, पण त्या गव्हाला त्यानं पुन्हा हात लावायचा नाही. कारखान्यात धान्य पिकतं की वाळतं त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पन त्याची एक बी बाटली इकडे आली, तं मी तुमच्या शेठले नाई धरीन. तुले धरीन." मी हो म्हणाले. आदल्या दिवशी एक बाटली आली होती आणि मी ती ओतून टाकली, हेही सांगितलं. गिरजाबाई म्हणाल्या, बरं केलं.

सकाळी मी उठायच्या आत बातमी घरी आली होती. आई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"कशी लागते?" तिनं विचारलं.

"गव्हाची लवंगेसारखी."

"लवंग टाकते?"

"नाही. आपोआप येते."

तिनं भाकरी उलटली. "बाबाले मी सांगते. तू नको सांगू." शेजारणींना ती आजही बाळांची पावडर असंच सांगते. तेवढी सूट मी तिला दिली आहे.

तो पाचवा दिवस होता. काका कामावर आले, पण गव्हाच्या फरशीवर नाही. पलीकडे जवाचा लहान थर होता, तिथं आमच्याकडे पाठ करून ते फावडं मारू लागले. गव्हाची वाळवण आज करायची की उद्या, हे आता मी ठरवायचं होतं. प्रयोगशाळेतली चाचणी दुपारी उत्तर देणार होती, आणि गहू दुपारपर्यंत तसाच ठेवणं मला बरोबर वाटत नव्हतं. मी थराच्या सात ठिकाणांहून दाणे घेतले, एकेक सोलून भिंतीवर ओढला. पाच रेघा पांढऱ्या आल्या. दोन चिकट आल्या. दोन्ही त्या कोपऱ्यातल्या, जिथं गुंता झाला होता.

मी काकांच्या पाठीकडे पाहिलं. विचारावंसं फार वाटत होतं. विचारलं असतं तर ते बोलले असते, वावरात बोलले तसे, आणि आदल्या संध्याकाळी समितीनं घातलेली अट अर्धी मोडली असती. मी विचारलं नाही. कोपरा बाजूला काढून राहू दिला आणि बाकीचा सगळा गहू तेव्हाच वाळवणीला घातला. कोपऱ्यातला दुसऱ्या दिवशी वेगळा वाळवला. दुपारी चाचणीचं उत्तर आलं तेव्हा गहू खोलीत तापायला लागून चार तास झाले होते. मी बरोबर होते. मी तो कागद घडी करून कपाटात ठेवला. अजून आहे.

समीरनं तीन आठवड्यांनी फोन केला. बीअरचा फेस ग्लासाच्या काठावर बोटभर उभा राहतो म्हणाला, आणि ग्लास रिकामा झाला तरी आतून फेसाची जाळी लागलेली असते. मी विचारलं, लोण्याचा वास आहे का? नव्हता. या वेळी मी ते तोंडानं विचारलं होतं. करार झाला. फरशी पूर्ण चालली. नऊच्या नऊ बाया राहिल्या. गव्हाच्या फरशीची मुकादम मी झाले. इतक्या बोलघेवड्या धंद्यात, जिथं प्रत्येक बीअरवाल्याला आपल्या बीअरची गोष्ट तासभर सांगायची असते, तिथं माझा माल माझ्यासाठी बोलतो. आज पुण्यात ज्या चार-पाच ठिकाणी ताजी गव्हाची बीअर मिळते त्यांतल्या दोन ठिकाणी ग्लासात वर्ध्याचा माल असतो. ते लोक वर्ध्याला आले तर त्यांना मी चहा देते.

काकांनी मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. काम शिकवणं त्यांनी थांबवलं नाही, पण जवापुरतंच. त्यांचे हात गव्हावर असते तर माझा माल याहून चांगला झाला असता हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही माहीत आहे. माझे हात अजून तेवढे हलके नाहीत. मी सरळ उत्तर दिलं असतं तर कदाचित ते तेव्हाच गेले असते. कदाचित नसतेही. तो निर्णय त्यांचा होता आणि मी तो परस्पर घेतला होता.

गेल्या हिवाळ्यात मंदा नावाची एक नवी बाई कामाला लागली. पहिल्याच दिवशी तिनं काकांना विचारलं की हा गहू कशाले लागते. काका जवाच्या थरावरून म्हणाले, "मले नको इचारू. त्या पोरीले इचार. आजकाल ते न इचारता बी सांगते."

मी फावडं खाली ठेवलं आणि मंदाला सांगितलं. बीअरसाठी. ती दारूच असते, हेही सांगितलं. तिनं थोडा वेळ गव्हाकडे पाहिलं आणि विचारलं, जवाकडे जागा आहे का? मी म्हणाले, आहे. काकांनी तिच्यासाठी कोपऱ्यातलं एक फावडं काढलं, पातं पुसलं आणि तिच्या हातात दिलं. मी गव्हाचा थर उलटायला घेतला.